पाट्यांचा बाक: जुन्या लँड रोव्हरच्या कमानींचा इतिहास

१/ जुनी जीप किंवा जुनी लँड रोव्हर ज्याच्या दारात येते, त्याला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो: "आधी ते पाटे काढून टाका." पाटे म्हणजे चाकांच्या वर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. त्या कडक असतात, हाडे खिळखिळी करतात. त्यांच्या जागी मऊ कमानी किंवा गुंडाळीची स्प्रिंग बसवली की गाडी 'सुधारते', असा सर्वसाधारण समज आहे. आजच्या धाग्यात या सुधारणेचाच इतिहास पाहू. ही गाडी घडवणाऱ्यांना मऊ स्प्रिंग ठाऊक नव्हती काय? ठाऊक असेल, तर त्यांनी ती का नाकारली? आणि पुढे स्वीकारली, तेव्हा काय मिळवले आणि काय सोडले?

२/ प्रथम मूळ गोष्ट. सस्पेन्शनची कामे दोन. बसणाऱ्याला धक्क्यांपासून वाचवणे, हे पहिले. चारही चाके जमिनीला टेकलेली ठेवणे, हे दुसरे. डांबरी रस्त्यावर पहिल्या कामाचे महत्त्व जाणवते. खडकाळ माळावर दुसऱ्याचे. एक चाक हवेत उचलले गेले की साध्या डिफरन्शियलमुळे तेच गरागरा फिरू लागते आणि त्याच आसावरचे जमिनीवर टेकलेले चाक जागचे हलत नाही. म्हणून आडवाटेच्या गाडीत 'चाक किती खाली लोंबू शकते' हा प्रश्न आरामाचा नसून पुढे जाण्याचा असतो.

३/ 'सस्पेन्शन' या शब्दाचा मूळ अर्थ लटकवणे. जुन्या युरोपीय घोडागाड्यांचा डबा चामड्याच्या पट्ट्यांनी खरोखरच लटकवलेला असे. १८०४ साली लंडनचा गाडीकारागीर ओबादिया इलियट याने लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले. या कमानी थेट आसावर बसत. त्यामुळे डब्याखालचा अवजड लाकडी दांडा गाळता आला आणि गाड्या हलक्या झाल्या. मोटारगाडी जन्मली तेव्हा हे तंत्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वापरात होते. ते मोटारीने जसेच्या तसे उचलले. आपल्याकडच्या टांग्याखालची कमानही याच कुळातली.

४/ कमानपाट्याची रचना पाहा. वेगवेगळ्या लांबीचे पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा पिन आणि बुश यांच्या साहाय्याने चासीला जखडतात. दुसरा डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला जोडतात, कारण भार पडून कमान सपाट होते तेव्हा तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट हवी. मध्यभागी यू-बोल्टने आस आवळतात. बस्स. आणखी काही लागत नाही.

५/ या साधेपणातच तिचे सामर्थ्य आहे. एकच वस्तू तीन कामे करते. ती भार पेलते. आसाला पुढे-मागे आणि आडवे सरकू देत नाही. शिवाय पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडीची उसळी काही प्रमाणात शमवते. दोष याच गुणांतून येतात. घर्षण अधिक असल्याने लहान खड्ड्यांवर कमान हलतच नाही, धक्का सरळ मणक्यात जातो. पाट्यांमध्ये चिखलपाणी शिरून गंज चढला की ही अडचण अनेक पटींनी वाढते. म्हणजे आज आपल्याला जाणवणारा कडकपणा सगळाच मूळ रचनेचा नसतो; त्यात वयाचा वाटा मोठा असतो. ही गोष्ट पुढे कामास येईल.

६/ आता १९४० मध्ये जाऊ. जूनमध्ये फ्रान्स पडला. जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे पाठवून एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणी गाडी मागितली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने आव्हान स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत हजर झाली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या.

७/ सात आठवड्यांत गाडी उभी करायची असेल तर नवे सस्पेन्शन शोधण्यास सवड कोठली? बाजारात तयार मिळणारे आस आणि अर्धलंबवर्तुळाकार पाटे हाच मार्ग होता. परंतु केवळ घाईमुळे पाटे आले, असे म्हणणे अपुरे ठरेल. ही गाडी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत कोठेही मोडणार होती आणि तेथेच, हाती असतील त्या अवजारांनी, ती पुन्हा उभी करावी लागणार होती. सुटे भाग जितके कमी तितके बरे. पाटे हे त्या गरजेचे उत्तर होते. त्यांच्या जोडीला नळीच्या आकाराचे हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बरही होतेच. म्हणजे जीप ही 'जुन्या तंत्राची' गाडी नव्हती. तिने जुने आणि नवे निवडून घेतले होते.

८/ युद्ध संपले. वेल्सच्या किनाऱ्याजवळील अँगलसी बेटावर रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची शेती होती. तेथे ते सैन्याची जुनी जीप वापरत. ती मोडली तर दुसरी कोणती घ्यावी, या प्रश्नातून १९४७ मध्ये लँड रोव्हरची कल्पना साकारली. पहिला नमुना जीपच्या चासीवरच उभा राहिला. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. दोन आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे नेमके जीपइतकेच. ब्रिटनमध्ये तेव्हा पोलादाची टंचाई होती, म्हणून अंगावरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पाटे मात्र पोलादीच, जीपच्याच वळणाचे.

९/ या गाडीचा गिऱ्हाईक शेतकरी होता. सकाळी ती रिकामी बांधावर जाई, दुपारी धान्याची पोती घेऊन परते, संध्याकाळी ट्रेलर ओढी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनातला फरक एवढा मोठा असला की स्प्रिंग कोणत्या अवस्थेसाठी बेतावी, हा प्रश्न पडतो. मऊ ठेवली तर भार पडताच गाडी बूड टेकते. कडक ठेवली तर रिकामी गाडी उड्या मारते. रोव्हरने दुसरा पर्याय पत्करला. आज आपण ही गाडी बहुधा रिकामी चालवतो आणि कमानींना दोष देतो. त्या मात्र अजूनही पोत्यांची वाट पाहत बसलेल्या असतात.

१०/ किती बारकाईने हे पाटे बेतले होते याचा एक नमुना. जुन्या लँड रोव्हरच्या डाव्या आणि उजव्या कमानी सारख्या नसत. चालक आणि इंधनाची टाकी एकाच बाजूस असल्याने त्या बाजूच्या कमानीला बाक अधिक दिलेला असे, जेणेकरून भार पडल्यावर गाडी समतल राहावी. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक कमानी अदलाबदल करून बसवतो आणि मग गाडी एका अंगाला का कलते, याचा शोध आठवडाभर चालतो. बारकावा लहान आहे, पण त्यातून कळते की 'जाडेभरडे' दिसणारे हे यंत्र विचारपूर्वक केलेले होते.

११/ याच काळात जीप आपल्याकडे आली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीजच्या जीपची जोडणी मुंबईत सुरू झाली आणि पाट्यांची ही गाडी सरकारी दौऱ्यांपासून घाटातल्या वडापपर्यंत सगळीकडे पोहोचली. महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांवर पुढील अनेक दशके ती दिसत राहिली.

१२/ पाटे येथे टिकण्याचे कारण कारखान्यात नव्हते, रस्त्याच्या कडेला होते. हमरस्त्यांवर आजही कमानपाट्यांची दुकाने दिसतात. तुटलेला पाटा काढायचा, त्या मापाचा दुसरा घालायचा, बसलेल्या कमानीला पुन्हा बाक द्यायचा, यू-बोल्ट आवळायचे. बैलगाडीच्या धावा चढवणाऱ्या लोहारकामाशी नाते सांगणारे हे कसब आहे. 'पाटा तुटला' हे वाक्य ट्रकवाल्याच्या तोंडी रोजचे. ते संकट असते, पण संध्याकाळपर्यंत सुटणारे. कोणतेही यंत्र त्याच्या भोवतीच्या माणसांसकट टिकते, हे इतिहास वाचताना सहज विसरले जाते.

१३/ आता प्रतिस्पर्धी: गुंडाळीची, म्हणजे कॉइल स्प्रिंग. पाटा वाकतो, कॉइलची तार मात्र आतल्या आत पिळली जाते. या पिळात पोलादाचा वापर अधिक चांगला होतो, म्हणून तेवढ्याच कामाला कमी वजन पुरते. घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे लहान खड्डाही ती झेलते. चाकाला खालीवर जाण्यास भरपूर वाव देता येतो. उणीव एकच, पण मोठी: ती केवळ भार पेलते. आसाला जागेवर धरण्यासाठी वेगळे बाहू, आडवा दांडा आणि या सर्वांना बुश लागतात. उसळी शमवण्याचे सगळे ओझे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप'वर पडते.

१४/ हे ज्ञान नवे नव्हते. युद्धोत्तर जर्मनीत अल्बर्ट फ्रीड्रिख यांनी शेतीसाठी उनिमोग घडवली. १९४६ मध्ये तिचे पहिले नमुने झाले, १९४८ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिच्या चारही चाकांवर कॉइल स्प्रिंगा होत्या. म्हणजे लँड रोव्हर पाट्यांवर उभी राहिली, त्याच वर्षी दुसऱ्या देशातील शेतगाडी कॉइलवर उभी होती. १९६६ च्या मालिकेतील फोर्ड ब्रॉन्कोने पुढे कॉइल आणि मागे, भार जेथे पडतो तेथे, पाटे अशी वाटणी केली. तेव्हा 'आधी अडाणी पाटे, मग शहाणी कॉइल' अशी सरळ रेषा इतिहासात सापडत नाही. सापडतात ती वेगवेगळ्या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे.

१५/ रोव्हरचे उत्तर बदलले, कारण तिचा प्रश्न बदलला. १९६० च्या दशकात चार्ल्स स्पेन्सर ऊर्फ स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड या अभियंत्यांनी वेगळी गाडी योजली: आडवाटेवर लँड रोव्हरसारखी आणि हमरस्त्यावर मोटारीसारखी. १७ जून १९७० रोजी रेंज रोव्हर बाजारात आली. आस पूर्वीसारखेच अखंड, पण चारही चाकांवर लांब पल्ल्याच्या मऊ कॉइल. पुढे दोन बाहू आणि आडवा पॅनहार्ड दांडा. मागे दोन बाहू आणि मध्ये इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची चौकट. उंचसखल जमिनीवर तिची चाके पाट्यांच्या गाडीपेक्षा किती तरी खाली लोंबत आणि जमीन सोडत नसत.

१६/ पण भाराचा जुना प्रश्न कोठे गेला? तो तेथेच होता. मऊ कॉइल सामान भरताच दबणार, हे उघड होते. म्हणून मागच्या आसावर बोगे कंपनीचा हायड्रोमॅट नावाचा स्वयंसमतल दांडा बसवावा लागला. गाडी चालू लागली की हालचालीतूनच तो दाब निर्माण करी आणि दबलेला मागचा भाग पुन्हा वर उचली. पाट्यांनी आपल्या कडकपणाने जे फुकट दिले होते, ते मऊपणासह मिळवण्यासाठी एक नाजूक आणि महाग यंत्र जोडावे लागले. सुधारणा खरीच होती. तिची किंमतही खरी होती.

१७/ ही किंमत दारियनच्या जंगलात आणखी स्पष्ट झाली. डिसेंबर १९७१ मध्ये जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम दोन रेंज रोव्हर घेऊन अलास्कातून निघाली. दक्षिण अमेरिकेचे टोक हे लक्ष्य होते. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये रस्ताच नसलेला दलदलीचा पट्टा आहे, तो पार करण्यास सुमारे शंभर दिवस लागले. दलदलीसाठी लावलेल्या अवाढव्य टायरांचा ताण मागच्या डिफरन्शियलवर आला आणि ती फुटू लागली. पुढे वाट काढण्यासाठी पनामात एक जुनी, पाट्यांची लँड रोव्हर विकत घेतली गेली. मोहीम अखेर यशस्वी झाली. पण एका जागी बळ वाढवले की कमकुवत दुवा दुसरीकडे सरकतो, हा धडा ती देऊन गेली.

१८/ रेंज रोव्हरची ही कॉइल साध्या लँड रोव्हरला मिळण्यास तेरा वर्षे का लागली? तंत्र त्याच कंपनीच्या घरात होते. पण १९६८ पासून रोव्हर ब्रिटिश लेलँड या समूहाचा भाग होती, आणि हा समूह कर्ज व संपांनी एवढा खचला की १९७५ मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. गुंतवणुकीला पैसा नव्हता. दरम्यान टोयोटाच्या लँड क्रूझरने ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतील बाजार काबीज केला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: १९६० पासूनची ती लँड क्रूझरही पाट्यांचीच होती. गिऱ्हाईक गेला तो मऊ स्प्रिंगसाठी नव्हे, दमदार इंजिन आणि भरवशासाठी.

१९/ अखेर १९८३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कॉइलवरची 'वन टेन' आली, १९८४ मध्ये 'नाइन्टी'. १९८५ मध्ये पाट्यांच्या लँड रोव्हरचे उत्पादन थांबले. हीच मालिका पुढे डिफेंडर या नावाने जानेवारी २०१६ पर्यंत चालली. इतरत्र बदल आपापल्या गतीने झाला. अमेरिकी जीप रँगलरने १९९६ मध्ये पाटे सोडले. भारतात १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी मात्र अखेरपर्यंत पाट्यांवरच धावली. महिंद्राच्या २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. मागचे पाटे जाऊन कॉइल आली ती २०२० च्या थारमध्ये. जीपपासून मोजले तर आठ दशके लागली.

२०/ आता जुन्या गाडीच्या मालकाकडे वळू. त्याच्यासमोर वाटा तीन. पहिली: मूळ पाटे सुटे करायचे, गंज खरवडायचा, ग्राफाइटयुक्त ग्रीस लावायचे, बुश आणि शॉकअप नवे घालायचे. पाचव्या भागात म्हटल्याप्रमाणे कडकपणाचा मोठा हिस्सा गंजाचा असतो, म्हणून एवढ्यानेच अनेक गाड्या बदलून जातात. दुसरी: मूळ जागीच बसणाऱ्या पॅराबोलिक कमानी लावायच्या. तिसरी: चासी कापून, नवे आधार जोडून कॉइल बसवायची. ब्रिटनमध्ये एके काळी गंजलेल्या रेंज रोव्हरची चासी आखूड करून तिच्यावर जुन्या लँड रोव्हरचे धड चढवण्याची टूमच निघाली होती.

२१/ पॅराबोलिक कमानीचे कूळ थेट गॅलिलिओपर्यंत जाते! १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या 'दोन नवी शास्त्रे' या ग्रंथात त्याने भिंतीत एक टोक रोवलेल्या तुळईचा विचार केला. मोकळ्या टोकाला वजन टांगले तर ताण भिंतीपाशी सर्वाधिक असतो, टोकाकडे कमी. मग सर्वत्र सारखी जाडी कशाला? तुळईची बाजू पॅराबोलाच्या वक्राने निमुळती केली तर ती प्रत्येक जागी सारखीच बळकट राहते आणि एक तृतीयांश वजन वाचते. पॅराबोलिक पाटा म्हणजे हेच गणित पोलादात उतरवलेले: मध्ये जाड, टोकाकडे पातळ होत जाणारा. दहाच्या आसपास पाट्यांऐवजी दोन-तीन पुरतात, ते मध्ये आणि टोकांनाच टेकतात, म्हणून घर्षण फार कमी.

२२/ आणि जुना पाट्यांचा थर? खाली आखूड, वर लांब अशी ती उतरंड तेच गणित पायऱ्यापायऱ्यांनी सोडवते. मध्यभागी ताण अधिक, तेथे पाटे अधिक. टोकाकडे ताण कमी, तेथे एकटा मुख्य पाटा. फरक एवढाच की निमुळता पाटा लाटण्यास कारखान्याचा रूळ आणि नेमके पाणी देणे लागते; उतरंड मात्र गावातला लोहारही रचतो. शिवाय पॅराबोलिक कमानीत घर्षण नसल्याने जुने थकलेले शॉकअप चालत नाहीत, ते बदलावेच लागतात. नाहीतर मऊ झालेली गाडी होडीसारखी डुलते.

२३/ 'उंच कमानी लावा, गाडी भारदस्त दिसते' या मोहाबद्दल दोन शब्द. गाडी उंचावली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे सांधे झिजतात. पुढच्या आसाचा कल बिघडला की स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. ब्रेकचे पाइप चाक खाली लोंबताच ताणले जातात. मूळ अभियंत्यांनी हे सगळे कोन एकमेकांशी जुळवलेले असतात. एक बदलला की उरलेले सर्व पुन्हा मोजावे लागतात. दारियनचा धडा येथेही लागू पडतो.

२४/ प्रश्न केवळ यंत्राचा नाही, ओळखीचाही आहे. ब्रिटनच्या परिवहन खात्याने अनेक वर्षे गुणपद्धत वापरली: मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शनला २, आसांना २, असे मिळून किमान ८ गुण जमले तरच जुना क्रमांक टिके. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ स्वरूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर कोणत्याही गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. म्हणजे चासी कापणारा मालक गाडी मऊ करताना तिचे इतिहासातील स्थान गमावू शकतो.

२५/ ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद येथे मार्ग दाखवते. इमारतींच्या जतनाची तत्त्वे तिने वाहनांना लावली: बदल करावाच लागला तर तो कमीत कमी असावा, नोंदवलेला असावा आणि पुन्हा मागे घेता येण्याजोगा असावा. या कसोटीवर पाटे स्वच्छ करणे सर्वांत उत्तम. बोल्ट खोलून काढता येणाऱ्या पॅराबोलिक कमानीही चालतील, पण मूळ पाटे डाव्या-उजव्याची खूण करून जपून ठेवावेत. चासी कापणे मात्र शिलालेखावर छिन्नी चालवण्यासारखे. अक्षरे पुन्हा येत नाहीत.

२६/ याचा अर्थ जुन्या गाडीला हात लावू नये, असा नव्हे. ती चालावी म्हणूनच बनली होती, आणि ब्रेक, बुश, शॉकअप यांच्या सुरक्षिततेत तडजोड करणे हा इतिहासाचा आदर नव्हे. आग्रह एवढाच की बदलण्यापूर्वी वाचावे. त्या कमानीत १९४० ची घाई आहे, १९४८ ची पोलादटंचाई आहे, अँगलसीच्या शेतातली पोती आहेत आणि आपल्या हमरस्त्यावरच्या लोहाराची भट्टीही आहे. या साऱ्यांना 'मागासलेले' म्हणून मोकळे होणे सोपे. त्यांनी कोणता प्रश्न सोडवला होता हे समजून घेणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम. आपल्या गावातल्या जुन्या जीपखाली एकदा वाकून पाहा, पाटे मोजा, बाक न्याहाळा. फोटो मिळाला तर या धाग्याखाली जरूर जोडा.